आधी कोण?

पुण्यात दुचाकीवर जाताना शेजारून कुणी गाडी आणून ओरडलं तर दचकू नये. तो "काका, स्टँड!" एवढंच सांगायला आलेला असतो. सांगतो आणि आपण मान हलवायच्या आत निघूनही जातो. ओढणी चाकाकडे चालली आहे, पदर लोंबतो आहे, डिकी उघडी राहिली आहे, मागे बसलेल्या पोराला डुलकी लागली आहे, कारण कुठलंही असो, हा अनोळखी माणूस गर्दीतून वाट काढत आपल्याला गाठतो. दिव्याची तर ठरलेली खूण होती. पाची बोटं मिटायची, उघडायची. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायला बटणच नसतं. तरी लोक भर दुपारी बोटं नाचवून सांगत राहिले. आजही एखादे आजोबा सांगतात.

आणि हाच माणूस पुढच्या चौकात आपल्याला गाडी आडवी घालतो. त्यामुळे ‘लोकांत माणुसकी उरली नाही’ हे वाहतुकीवरचं नेहमीचं वाक्य मला पटत नाही. आमच्या रस्त्यांवर माया भरपूर आहे. आधी कोणी जायचं, ते मात्र कुणाला ठाऊक नाही.

*

सिग्नल नसलेला चौक. नियम असा: मुख्य रस्त्यावरचा आधी. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. लायसन्स खिशात असलेल्या कुणालाही विचारून पाहा. "जो आधी येईल तो" असं उत्तर येईल, किंवा नुसतं हसू.

प्रत्यक्षातला क्रम वेगळा आहे. पहिला मान डंपरचा, मग बसचा, मग पांढऱ्या एसयूव्हीचा. रिक्षा या उतरंडीत बसतच नाही, ती फटीतून जाते. गाड्या सारख्याच असतील तर नजरेवर ठरतं. ज्याने समोरच्याकडे पाहिलं त्याने थांबायचं. म्हणून सराईत माणूस चौकात शिरताना मुद्दाम दुसरीकडे बघतो. मान ताठ, नजर समोरच्या दुकानाच्या पाटीवर, गाडी पुढे. आपण त्याला पाहिलं आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, म्हणजे ब्रेक आपणच दाबणार. दोघेही असेच पाटी वाचत आले की काय होतं, ते चौकातल्या काचांच्या चुऱ्यावरून कळतं.

*

वर्तुळाचंही तेच. आत फिरत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, बाहेरच्याने थांबायचं. आपण उलट करतो. बाहेरचा घुसतो, आतला थांबतो. आतला थांबला की त्याच्या मागचा थांबतो, आणि वर्तुळ असल्यामुळे ही रांग फिरून पहिल्याच्याच वाटेत येते. मग शिट्टी घेऊन मामा येतात, आणि लोक म्हणतात, इथे सिग्नलच हवा होता.

*

चारी इंडिकेटर लावून चौक सरळ ओलांडणाऱ्यांची एक जमात आहे. ‘पार्किंग लाइट लावला म्हणजे सरळ’ हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. कायद्यात असं काही नाही. बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्याला गाडीची एकच बाजू दिसते, त्यामुळे त्याला एकच इंडिकेटर लुकलुकताना दिसतो. डावीकडच्याला वाटतं ही गाडी डावीकडे वळणार. तो निश्चिंत पुढे येतो.

सरळ जायचं असेल तर काही लावायचं नसतं.

*

डिपरचा अर्थ. अरुंद पूल, दोन्हीकडून गाड्या, समोरच्याने दिवे लुकलुकवले. आपल्याकडे याचा अर्थ: मी येतोय, तू थांब. ब्रिटनमध्ये नेमकं उलट चालतं. तिथे समोरच्याने दिवे मारले की बहुतेक लोक ‘या, तुम्ही आधी या’ असं समजून गाडी काढतात. तिकडच्या ‘हायवे कोड’ला हे मान्य नाही. दिवे फक्त ‘मी इथे आहे’ एवढं कळवायला मारावेत, असं तो म्हणतो. पण रूढी पक्की झाली आहे. तिथे राहून आलेले आपले लोक सुट्टीत घरी आल्यावर पहिले दोन दिवस जपून असावेत, कारण इथला ट्रकवाला त्यांना बोलावत नसतो.

*

हायवेवर पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो. म्हणजे काय? तो उजवीकडे येतोय, की ‘उजवीकडून खुशाल जा’, की ‘समोरून गाडी येतेय, निघू नकोस’? तिन्ही अर्थ चालू आहेत. कराडच्या अलीकडे एका ढाब्यावर मी एका ट्रकचालकाला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, आमचं ठरलेलं हाय. डावा दिला की जा, उजवा दिला की थांबा." शेजारच्या खाटेवरचा दुसरा चालक उठून बसला. म्हणाला, "आमच्यात उजवा दिला की जा." दोघे एकाच रस्त्यावर गाडी चालवतात.

पूर्वी हात असायचा. खिडकीतून उजवा हात आडवा बाहेर काढून पुढे-मागे झुलवला की ‘जा पुढे’. ही खूण नियमांच्या पुस्तकातली आहे आणि एसटीचे जुने चालक ती देत. लाल गाडीच्या मागे अर्धा तास अडकलेल्या माणसाला वळण संपताच तो खाकी बाहीतला हात दिसायचा. त्या हातात गफलत नव्हती. आता केबिनला एसी आला, काचा बंद झाल्या.

*

घाटाचा नियम जुन्या लोकांना पाठ असे. अरुंद रस्ता, दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम १९८९ च्या रस्तेविषयक नियमावलीत होता, आणि तिच्या जागी २०१७ साली नवी आली तिच्यातही आहे. कारण समजून घेतलं तर विसरायला होत नाही. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा हलवणं अवघड. हाफ क्लचवर धरून ठेवावी तर क्लच जळतो, सोडावी तर गाडी मागे सरते, आणि मागे तर आणखी चार गाड्या चिकटलेल्या. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक सोडायचा असतो.

खंबाटकीला हा प्रश्न येत नाही. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, समोरून कुणी येतच नाही. खरी परीक्षा वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा या घाटांत. शनिवारी सकाळी वरंधात उतरत जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात. गाणी लावलेली, धबधबा बघायची घाई, आणि समोरून महाडकडची एसटी चढत येते आहे. एसटीने वळण घेतलं की तिची मागची चाकं आतल्या अंगाने जातात, म्हणजे तिला दोन्ही बाजू लागतात. ही गोष्ट ज्याला कळते तो वळणाच्या अलीकडे थांबतो. न कळणारा वळणावर जाऊन तोंडाला तोंड लावतो. मग एसटीचा कंडक्टर खाली उतरतो, मागच्या गाड्या एकेक हात मागे घ्यायला लावतो, पत्र्यावर थापा मारत बस सरकवतो. त्या कंडक्टरला कुणी ‘थँक यू’ म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. हॉर्न मारणारे मात्र असतात.

*

घाटाचा दुसरा जुना मंत्र: ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं. हा मंत्र विसरल्याची किंमत पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर मोजावी लागते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकत नेल्या. सुरुवातीला सगळीकडे ‘ब्रेक फेल’ असंच आलं. पोलिसांनी तपास केल्यावर सांगितलं, की चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलं होतं.

अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. दर वेळी ब्रेक दाबला की ती थोडी संपते. इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं तरी गिअरचा अटकाव गेला, सगळा भार ब्रेकवर आला. ड्रम तापतात, तापले की पकड सुटते. चालक खोटं बोलत नसतो. तळाशी पोहोचेपर्यंत ब्रेक खरोखरच गेलेले असतात. फक्त ते वर, बोगद्याच्या तोंडाशी गेलेले असतात, लिटरभर डिझेलसाठी.

कोणत्या मालकाने कोणत्या चालकाला डिझेलचा काय हिशोब लावून दिला होता, हे पंचनाम्यात येत नाही. ते यायला हवं.

*

हॉर्नबद्दल दोन गोष्टी. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. ट्रक अजून तेच मिरवत फिरतात. दुसरी गोष्ट मुंबई पोलिसांची. त्यांनी काही सिग्नलांना आवाज मोजणारी यंत्रं जोडली, आणि गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जानेवारी २०२० मध्ये त्याची चित्रफीत देशभर फिरली. वाजवा, आणखी थांबा. शिक्षा एवढी चोख आणि एवढी विनोदी क्वचितच असते. ती कायमची व्हायला हवी होती.

आपला हॉर्न शिवी नसते, हेही सांगितलं पाहिजे. पुष्कळदा तो ‘आलो हं’ एवढंच म्हणतो. घाटातल्या आंधळ्या वळणावर तो वाजलाच पाहिजे. पण सिग्नल हिरवा व्हायला पाच सेकंद असताना वाजतो तो कुणाला उद्देशून असतो?

*

झेब्रा. सिग्नल नसलेल्या झेब्रावर गाडीने वेग कमी करून थांबायचं आणि पायी चालणाऱ्याला जाऊ द्यायचं, असा नियम आहे. पुढे गाड्या तुंबल्या असतील तर पट्ट्यांवर जाऊन उभं राहायचं नाही, असाही आहे. पुण्यात पट्ट्यांवर पाय ठेवणारा हात वर करतो. तळवा समोर, जणू गाडी त्या हाताने अडणार आहे. वयस्कर बायका पिशवी पुढे धरतात.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के आणि पायी चालणारी १९.५ टक्के. म्हणजे शंभरातली चौसष्ट माणसं अंगाभोवती पत्रा नसलेली होती. ‘आधी कोण’ हा क्रम कसा लावायचा, यासाठी मला आणखी कारण लागत नाही.

११ डिसेंबर २०२१ ला पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन केला. लोक रस्त्याच्या मधोमध चालले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर पुन्हा हात वर.

*

इथे एका भल्या माणसाबद्दल वाईट लिहायचं आहे. चार पदरी रस्ता. कडेला एक बाई लेकराला घेऊन ओलांडायची वाट बघत उभी. कडेच्या पदरातला कारवाला दयाळू. तो मध्येच करकचून थांबतो आणि हाताने खुणावतो, "या ताई, या." ती निघते. त्याच्या शेजारच्या पदरातून येणाऱ्याला ती दिसत नाही, कारण मध्ये दयाळू माणसाची गाडी उभी आहे. ती गाडीच्या पलीकडे डोकावते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि मागून येणारा दयाळू माणसावर आदळतो ते वेगळंच.

दुसऱ्याचा पदर आपण देऊ शकत नाही. थांबायचंच असेल तर आरशात बघून, वेग आधीपासून उतरवत, मागच्याला अंदाज देत थांबावं, आणि ‘या’ म्हणू नये. ती बाई स्वतः बघेल आणि ठरवेल. सौजन्य दाखवताना समोरच्याला, मागच्याला, शेजारच्याला आपण काय करणार आहोत हे आधी कळलं पाहिजे. न कळता दाखवलेला मोठेपणा आणि न कळता मारलेला कट, दोन्ही रस्त्याला सारखेच.

*

मोबाइलवर लिहिण्यासारखं नवं काही नाही. ६० च्या वेगाला दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. तेवढं पुरे.

*

ऊस. कारखान्यांची धुराडी पेटली की सांगली-कोल्हापूर-सोलापूरच्या रस्त्यांवर रात्रीची गाडी चालवणं हे वेगळंच काम होतं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींवर शिगोशीग ऊस, मागचे दिवे मोळ्यांच्या वाढ्यांआड गेलेले. वेग वीस-पंचवीस. ट्रॅक्टरवर स्पीकर, त्यामुळे मागचा हॉर्न चालकाच्या कानापर्यंत पोचत नाही. समोरून अप्पर लाइट टाकून कुणी आला की आपल्याला दोन क्षण काहीच दिसत नाही, आणि त्या दोन क्षणांत ट्रॉली तिथे असते.

ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायचा खर्च किरकोळ आहे. हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि आरटीओ पट्ट्या वाटतात, फोटो येतात. जानेवारीपर्यंत त्या चिखलाने माखतात. चालकाने खेपेला निघताना त्यावरून एक ओलं फडकं फिरवलं तरी काम होईल.

आणि दगड. ट्रॉलीचा आख तुटला की चालक तिच्याभोवती मोठाले धोंडे मांडतो. मागच्याला कळावं म्हणून, हेतू चांगलाच. सकाळी दुसरा ट्रॅक्टर येऊन ट्रॉली ओढून नेतो. धोंडे तिथेच. रात्री एखादा दूधवाला दुचाकीवरून येतो.

कार्तिकीच्या दिवसांत याच रस्त्यांवर दिंड्या असतात. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ एक कार दिंडीत घुसली आणि सात वारकरी गेले. संध्याकाळची वेळ होती. आपल्याकडे वारकऱ्याला माऊली म्हणून पाया पडणारा माणूस अंधारात त्याच्या अंगावर अप्पर लाइट टाकतो, यात त्याला विसंगती वाटत नाही.

*

लाल ‘एल’ लावलेली गाडी दिसली की मागचे हॉर्न वाढतात. शिकणाऱ्याची गाडी चौकात बंद पडते, हॉर्नने त्याला घाम फुटतो, गाडी पुन्हा बंद पडते. इथे सौजन्य फार स्वस्त आहे: काही करायचं नाही, नुसतं थांबायचं.

*

रुग्णवाहिका. राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आपत्कालीन गाड्यांतही कायद्याने क्रम लावला आहे: आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. त्यात लाल दिव्याची हौस असलेल्या पुढाऱ्याचा नंबर नाही.

वाट देण्यात आपण तसे कमी नाही. सायरन वाजला की गर्दी फाटते, रिक्षावाला फुटपाथवर चढतो, एखादा पोरगा गाडीवरून उतरून धावत पुढे जाऊन सगळ्यांना हटवतो. गणपतीच्या मिरवणुकीत हजारो माणसं क्षणात दुभंगून रुग्णवाहिकेला जाऊ देतात, हे पुण्याने दर वर्षी पाहिलं आहे. मग तिच्या मागे बघा. मोकळ्या झालेल्या वाटेत दहा दुचाक्या आणि दोन कार घुसून तिच्या मागच्या दाराला चिकटून सुसाट निघालेल्या असतात. रुग्णवाहिकेने एकदा जोरात ब्रेक दाबला, तर तिला आणखी पेशंट तिथेच मिळतील.

सायरन ऐकू आला की काय करायचं, तर डावीकडे सरकायचं, वेग उतरवायचा, आणि ती गेल्यावर पुन्हा आपल्या रांगेत यायचं. तिच्या मागे नाही.

*

अपघात दिसला की लोक थांबतात, पण हात लावत नाहीत. "पोलिसांचं लफडं नको," हे वाक्य अजून ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपलं नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर पोलिसांना करता येत नाही, दवाखान्यालाही नाही. दाखल करण्यासाठी त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत. ही तीन वाक्यं घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आणि त्यांच्या फोनमध्ये १०८ आहे का ते आजच बघा.